चित्रात सरकवलेला उंबर

आगगाडीत कोणी "आपण काय करता?" असे विचारले, की मी "डोंगर रंगवतो" म्हणून सांगत असे, आणि मग पुढचा सगळा प्रवास त्याचा खुलासा करण्यात जाई. एका गृहस्थांनी तर गंभीरपणे विचारले होते, "चुन्याने की गेरूने?"

मी तैलरंगाने रंगवीत असे. मुंबईच्या चित्रशाळेत शिकलो, चार वर्षे एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, आणि बायको पहिल्याच बाळंतपणात मुलासकट गेली तेव्हा नोकरी सोडली. घरात बसवत नव्हते, म्हणून उघड्यावर बसण्याचा धंदा पत्करला, इतकेच त्याचे कारण. दिवाळी आटोपली की गिरगावातल्या खोलीला कुलूप लावायचे, कर्जतला उतरायचे, आणि शिमग्यापर्यंत कर्जत-खालापूरच्या डोंगरांत राहायचे. चित्रे घेणारे लोक म्हणजे माथेरानला बंगले असलेले पारशी शेठ आणि विलायतेला परत जाणारे साहेब. त्यांना आठवणीसाठी सह्याद्रीचा एखादा तुकडा बरोबर हवा असे.

ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पाण्याचा रंग लगेच वाळतो. तेलाचा आठ आठ दिवस ओला राहतो. त्यामुळे चुकलेले पुसता येते, हा फायदा. तोटा असा, की उघड्यावर जे जे उडते ते चित्राला येऊन चिकटते. माझ्या एका चित्रातल्या आकाशात पिसोळ्याचा म्हणजे फुलपाखराचा पंख कायमचा राहून गेला. विकत घेणाऱ्या साहेबाला तो लांबचा पक्षी वाटला, आणि मीही तो पक्षीच असू दिला. ओली चित्रे न्यायची म्हणजे दोन कॅनव्हास समोरासमोर धरून, मध्ये चार कोपऱ्यांत बुचे ठोकून बांधावे लागतात. बैलगाडीच्या धक्क्याने एखादे बूच निसटले, की पंधरा दिवसांचे काम लोण्यासारखे फासले जाते. आणि सर्वांत मोठी अडचण उन्हाची. ते थांबत नाही. आमच्या त्या भागात सूर्य सह्याद्रीमागून उगवतो. सकाळभर डोंगर म्हणजे नुसती निळी भिंत दिसते. तिसऱ्या प्रहरानंतर ऊन समोरून पडू लागते, तेव्हा घड्या, कडे, धबधब्यांच्या वाळलेल्या खुणा दिसतात. म्हणजे कामाचे दोन तास. बाकी दिवस वाट पाहायची.

या वाट पाहण्यात माणूस एकटा पडतो. सुरुवातीला गावचे लोक माझ्या पांढऱ्या छत्रीकडे आणि चित्राच्या तिवईकडे पाहून मला मोजणीवाला समजत. शेतसाऱ्याची आकारणी वाढायची, या भीतीने ते लांबून जात. मोजणीवाला नाही हे कळले, की मग वेडा समजत, आणि तरीही लांबूनच जात. कित्येकदा चार चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पाचव्या दिवशी दुकानात मीठ मागताना आपलाच आवाज ओळखू येत नसे.

त्यामुळे चांगूचे घर मला मिळाले, ही केवढी गोष्ट होती हे मी कोणाला पटवून देऊ शकत नाही.

कशेळ्याच्या अलीकडे नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण ती माणसे अजून तिथे नांदत आहेत. चांगू माझ्याच वयाचा, भाताची शेती करणारा. पहिल्या वर्षी मला हिवतापाने गाठले आणि मी गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर पडून होतो. त्याने मला उचलून घरी नेले. त्याची बायको ठकू. तिला मी वहिनी म्हणत असे. तिने आठ दिवस मला पेज पाजली. बरा झाल्यावर मी निघतो म्हणालो, तर चांगू म्हणाला, "कुटं जाता? ओटी रिकामीच हाय. ऱ्हा."

मी राहिलो, सलग नऊ हिवाळे राहिलो.

त्या पहिल्या वर्षी देवळाच्या ओट्यावर बसून मी एक चित्र केले. खाली नदी, नदीत हत्तीएवढा काळा खडक, दोन्ही काठांना शेते, आणि मागे पेठच्या किल्ल्याचा सुळका. अलीकडच्या काठावर एक जुना उंबर होता. तो उंबर नेमका सुळक्याच्या खाली येत होता. चित्रकलेतला साधा नियम आहे की दोन उभ्या वस्तू एकीवर एक आणू नयेत. तसे झाले की मागचा डोंगर पुढच्या झाडाच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो, आणि चित्राचे मधोमध दोन तुकडे पडतात. मी कच्चे रेखाटन जसे दिसले तसे केले होते. कॅनव्हासवर मात्र झाड उचलून त्याच काठावर उजवीकडे, खडकाच्या पलीकडे नेले. चार बोटांचे अंतर असेल. चित्र एकदम उघडले, नदीला वाट मिळाली. आजही सांगतो, माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले काम.

ते चित्र मी विकले नाही. चांगूला दिले. त्याने सुळका ओळखला, खडक ओळखला, आपला बांध ओळखला, आणि ओटीवर नांगराच्या वर खुंटीला टांगले. पाहुणा आला की तो आधी पाणी देई आणि मग चित्र दाखवी.

नवव्या वर्षी श्रावणात नदीला मोठा पूर आला. तेव्हा मी मुंबईत होतो. पाण्याने काठ फोडला, उंबर मुळासकट नेला, आणि ओसरताना खडकाच्या बाजूला गाळाची लांब मळई टाकून गेले. असली जमीन सोन्यासारखी. वाल, वांगी, काकडी, काहीही लावा. ही मळई कोणाची, यावरून चांगूचे आणि सगुणाबाईचे भांडण लागले. सगुणाबाई म्हणजे चांगूच्या चुलतभावाची विधवा. दोघांची शेते शेजारी शेजारी, सरकारी नकाशात एकाच नंबरात. आतली वाटणी घरातल्या आजोबांनी तोंडी केलेली: उंबराच्या डावीकडचे थोरल्याचे, म्हणजे चांगूच्या घराचे, उजवीकडचे धाकट्याचे, म्हणजे सगुणाबाईच्या घराचे. आता उंबरच राहिला नव्हता. तो कुठे होता हे गावात विचारावे, तर अर्धे लोक एक जागा दाखवीत आणि अर्धे दुसरी. कोण कोणाच्या नात्यातले, त्यावर ते अवलंबून होते.

प्रकरण कर्जतच्या कचेरीत गेले. आश्विनात मला चांगूचे पत्र आले. गावच्या शाळामास्तरांच्या हातचे होते. "झाड कुठे होते हे तुमच्या चित्रात आहे. चित्र मामलेदारसाहेबांना दाखवायचे आहे. तुम्ही त्रयस्थ, तुमची साक्ष चालेल. लवकर यावे. ओटी सारवून ठेवली आहे."

पत्र वाचून मला आनंद झाला हे कबूल करतो. मला कोणी असे बोलावत नसे. मी त्याच दिवशी सामान बांधायला घेतले, आणि बांधता बांधता जुन्या दिवसांची मौज म्हणून पहिल्या वर्षीची रेखाटनांची वही उघडली. तिच्यात तो देवळाच्या ओट्यावरून केलेला देखावा होता. उंबर सुळक्याच्या बरोबर खाली.

झाड हलवल्याचे मी साफ विसरून गेलो होतो. अशी झाडे मी शेकड्यांनी हलवली होती.

मी वही मिटून पेटीत ठेवली. मनाशी म्हटले, मला चित्राबद्दलच विचारणार. वहीबद्दल कोणाला माहीत आहे? सगुणाबाईला मी नीट ओळखतही नव्हतो. एकदा तिच्या वालाच्या वाफ्यात तिवई रोवली म्हणून ती माझ्यावर ओरडली होती, तेवढीच ओळख. आणि दुसऱ्या बाजूला चांगू, ज्याने मला उचलून नेले होते. सारा दिवस असा विचार केला. निघताना वही बरोबर घेतली. का घेतली हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. सत्याची चाड म्हणून, असे लिहायला बरे वाटेल. पण मला वाटते, मला चांगूशी आधी बोलायचे होते. तोच काहीतरी मार्ग काढील अशी आशा होती.

गावी पोहोचलो त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"चांगू, त्या चित्रातला उंबर मी सरकवला आहे. तो तिथे नव्हता."

त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. "सरकवला म्हंजे?"

"सुळक्याच्या खाली येत होता. चित्र बिघडत होतं. म्हणून उजवीकडे घेतला."

"नाय मास्तर. झाड तितंच व्हतं. खडकाच्या पल्याड."

मी वही आणून पुढे ठेवली. त्याने हात धुऊन ती दिव्याजवळ धरली, बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

"ही तुमची कच्ची वही. हिच्यात तुमी चुकला असाल. त्ये भिंतीवरचं तुमी पंदरा दिस बसून केलंत. आन मी रोज बगतोय, मास्तर. नऊ वर्सं, उठलो की पयलं त्येच बगतोय. झाड तितंच व्हतं."

तो खोटे बोलत नव्हता. हे मला तेव्हा कळले. लहानपणापासून ज्या झाडाखाली तो खेळला त्याची जागा माझ्या चित्राने त्याच्या डोक्यातून पुसली होती आणि स्वतःची जागा तिथे बसवली होती. मी वहिनींकडे पाहिले. त्या भाकरी थापीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कचेरीत चित्र भिंतीला टेकवून ठेवले होते. मामलेदार देशावरचे, मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी मला विचारले, "हे चित्र तुम्ही काढलंत?"

"होय."

"जागेवर बसून?"

"होय."

"जसं दिसलं तसं?"

चांगू माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याने त्या दिवशी माझाच जुना कोट घातला होता, मी त्याला मागे कधी दिलेला. पलीकडे सगुणाबाई डोक्यावरून पदर घेऊन खाली बसली होती. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. मी चांगूच्या पाहुण्यांपैकी, तेव्हा मी काय सांगणार हे ती धरूनच चालली होती.

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ म्हणजे काय?"

"झाड सोडून. झाड मी हलवलं आहे."

मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली. "आणि डोंगर तरी जागेवर आहे ना?"

कचेरीतले लोक हसले. मीही हसल्यासारखे केले आणि पिशवीतून वही काढली.

दोन दिवसांनी मामलेदार घोड्यावरून गावात आले. ते देवळाच्या ओट्यावर, मी जिथे बसत असे तिथे, वही घेऊन बसले. एक माणूस लांब बांबू घेऊन काठाकाठाने चालला. बांबू सुळक्याच्या बरोबर खाली आला, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि तिथे खुंटी मारली. मग दुसऱ्यांदा, चित्रात जिथे झाड होते तिथे मारली. दोन खुंट्यांमधले अंतर चाळीस पावले भरले. मळईचा जवळजवळ सगळा चांगला भाग त्या चाळीस पावलांत होता.

ती जागा सगुणाबाईला मिळाली.

मला वाटले होते, निदान ती तरी काही बोलेल. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी झाड हलवलं नसतं तर ह्यो झगडाच झाला नसता. चांगूभावजींना बी ठाव व्हतं झाड कुटं व्हतं त्ये. तुमच्या चित्रानं इसरवलं. आता आमच्या दोन घरांत एकमेकांचं पानी बंद झालं. माज्या पोरीचं लगीन हाय, त्याला कोन उबं ऱ्हानार?"

मी वही उचलून पिशवीत घातली.

चांगू माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर काहीतरी बोलणे झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी जुंपली, माझे सामान स्वतः उचलून ठेवले, आणि सर्वांत शेवटी ते चित्र घोंगडीत गुंडाळून आणले व पेट्यांवर आडवे बांधले. गाठ दोनदा ओढून पाहिली. कर्जतपर्यंत तो बैलांशी बोलत होता. स्टेशनावर सामान उतरवून म्हणाला, "येतो, मास्तर." नेहमी तो "कवा येनार?" असे विचारीत असे.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो नाही. खालापुराकडे सरकलो, चौक गावच्या धर्मशाळेत उतरू लागलो आणि इर्शाळचा किल्ला रंगवू लागलो. पुण्याच्या सडकेवरचे गाव. येणारे-जाणारे पुष्कळ, ओळखीचे कोणी नाही. कामात मात्र एक खोड जडली. चित्र पुरे झाले की मी कॅनव्हासच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवी: "झोपडी दोन हात डावीकडे घेतली आहे." "नदीचे वळण वाढवले आहे." एका पारशी बाईंनी विकत घेतलेले चित्र उलटून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवले. म्हणाल्या, माझ्या बंगल्यातून दिसतो तो डोंगर मला हवा, तुमचा नको. त्यांचे म्हणणे बरोबर होते. काही न हलवता मी एक चित्र करून पाहिले. ते फार वाईट झाले. तेही परत आले.

झाड हलवणे चूक होते असे मला अजून वाटत नाही. हलवले हे चांगूला चित्र देताना सांगितले नाही, ही चूक. एक वाक्य होते. त्याला चित्र आवडले या आनंदात ते राहून गेले. मला कोणी आपले म्हणत होते, आणि अशा वेळी आपल्या हातची खोट कोण दाखवतो?

सहा वर्षांनी, माघात, मी चौकच्या बाहेर सडकेच्या कडेला तिवई लावून बसलो होतो. ऊन अजून वळायचे होते. एक बाई डोक्यावर गाठोडे घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली. ठकूवहिनी. केस पिकले होते. त्यांची मुलगी त्या बाजूला दिलेली होती. तिच्याकडे निघाल्या होत्या.

"मास्तर, सुकलात," त्या म्हणाल्या.

मी चांगूची चौकशी केली. बरा आहे म्हणाल्या. सगुणाबाईच्या मुलीचे लग्न झाले, पण चांगू गेला नाही. अजून दोन्ही घरे एकमेकांकडे जात नाहीत.

"त्यांना आजून झाड तितंच दिसतं," त्या म्हणाल्या. "खडकाच्या पल्याड."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी गाठोडे खाली ठेवले. "मी पंदरा वर्सं त्या उंबराखालनं पानी आनलं. मला ठाव नसंल? त्या रातीच ठाव व्हतं, तुमी वही दावलीत तवा."

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"तुमी बोललात की." त्यांनी इर्शाळकडे पाहिले. "तुमचं बरं व्हतं मास्तर. तुमी बोलून मुंबैस गेलात. मला त्याच घरात भाकरी थापायची व्हती. मी बोलले असते तर त्यांना दोन मानसं गेली असती. आता एकच गेलं."

मी हातातला कुंचला फडक्याला पुसत राहिलो. त्याला रंग लावलेलाच नव्हता.

त्यांनी गाठोडे सोडले. लेकीसाठी नेत असलेल्या तांदळाच्या भाकऱ्यांतली एक काढली, तिच्यावर सुकटीची चटणी ठेवली, आणि माझ्या रंगपेटीच्या झाकणावर पळसाचे पान ठेवून त्यावर मांडली.

"घरी या, म्हनाया येत नाय मला," त्या म्हणाल्या. "ह्ये खा."

गाठोडे डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. सडक पुढे बरीच लांबपर्यंत सरळ आहे, त्यामुळे त्या दिसेनाशा व्हायला वेळ लागला. तोवर मी भाकरीला हात लावला नाही. मग खाल्ली. डोंगरावर ऊन आले होते, दोन तास होते. पण त्या दिवशी मी काम केले नाही.